आधी जेवण, मग किराणा

आमची आई बाजाराला निघण्याआधी आम्हा भावंडांना पोटभर जेवू घालायची. परवा किराणा दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते. त्यांचं बोलणं ऐकलं आणि आई आठवली.

“बघितलंस? ठरलं तेवढंच घेतलं. बिस्किटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही!”

“जेवू घालून आणलं म्हणून. गेल्या महिन्यात उपाशीपोटी आलात आणि अर्धं दुकान घरी नेलंत. पोरीचे बूट राहिले ते राहिलेच.”

“आज घेऊ की. उद्या शर्यतीत ती अनवाणी पळणार नाही.”

“आधी बिल होऊ द्या.”

“होऊ दे. अगं, पण पिशवीत हे खारे दाणे कुठून आले?”

“पडले असतील.”

“वरच्या फळीवरून? आपल्या पायांनी?”

“अहो, पुढे बघा.”

“तू जेवलीस का?”

“भाजी जरा कमीच होती.”

“म्हणजे मला वाढलंस आणि स्वतः उपाशी आलीस! वा, मास्तरीणबाई!”

“हसू नका, मागे आजी ऐकतायत. ठेवते परत.”

“काका, किती झाले? ...ऐकलंस? उरलेल्या पैशांत बूट येतात!”

“खरंच? पुन्हा मोजा.”

“मोजले. बूट घेऊनही दाण्यांपुरते उरतात. आण ते इकडे.”

“आता कशाला उगीच?”

“उपाशी बाईला बुटांच्या दुकानात नेलं, तर तीन जोड उचलेल!”

समोरच्या दुकानाची पायरी चढताना दोन्ही पिशव्या त्याच्या हातात होत्या. ती दाणे खात होती आणि मधूनच एखादा त्याच्या तोंडात टाकत होती.