सोळा भोकं अन् एक झाकण

...न्हाई न्हाई, तुम्हीच सांगा, भोक पाडायला काय लागतंय? ड्रिल लागतंय, हात लागतोय, झालं! पण भोक गोल वाकलेल्या पत्र्यावर असलं अन् त्याचं माप कॉम्प्युटरवर द्यायचं असलं, तर तुम्हाला सांगतो, माणूस जिंदगीला बेजार होतंय! अन् ड्रॉइंगवर नाव कुणाचं? माझं. अंगद!

लातूरच्या एमआयडीसीत, शेषेराव मालकाच्या वर्कशॉपात सहा महिने झालते, तरी कायम न्हवतो. मालक म्हणले, "अंगद, धर्माबादच्या मिरची गिरणीचं गोल झाकण हाय, त्याच्या वळवलेल्या काठावर सोळा भोकं हायत. एवढं ड्रॉइंग काढ, तुला कायम करून टाकतो." मी अहमदपूरला फोन केलो, तर आईनं आख्ख्या गल्लीत सांगून टाकलं, पोरगं सायब होऊन राहिलंय म्हणून!

आता ह्या भोकापासून त्या भोकापर्यंत माप घेतलो, तर सॉफ्टवेअर म्हणतंय एकोणपन्नास पॉइंट अडुसष्ट. आमचे फिटर ईश्वरप्पा टेप घेऊन आले, "आरं, मी पत्र्यावरून टेप वळवून मोजतो, तुझं ते सरळ आरपार मोजून राहिलंय! मी काय पत्र्याच्या पोटातून टेप घालू?" बरोबर हाय की माणसाचं! मग झाकणाचा तो काठ कॉम्प्युटरात उलगडून सपाट करायला बसलो... चार दिवस! पत्रा उलगडला तर भोकं गायब, भोकं आली तर पत्रा चिरलेला... चौथ्या दिवशी सपाट झालं एकदाचं, अन् माप आलं पन्नास. बिलकुल पन्नास! डोळ्यात पाणी आलं हो माझ्या.

तेवढ्यात मालक आले. चहाची बशी तोंडाला, नजर स्क्रीनवर. "पन्नास? शून्यावर माप संपवतेत का रं? लग्नात कुणी पन्नासचा आहेर करतंय का? एक्कावन्न कर!" मी म्हणलो, "मालक, हरेक भोक एक मिलिमीटर सरकतंय, सोळावं पार पंधरा मिलिमीटर पुढं जातंय!" "जाऊ दे की! पुढं गेलेलं चांगलंच असतंय!" कायम कुणाला व्हायचंय? केलो एक्कावन्न. अन् ड्रॉइंगवर नाव कुणाचं?

धर्माबादला झाकण चढवलं. पहिला बोल्ट बसला, एकदम झकास! दुसरा अडला. पाचव्याला खालचं भोकच दिसंना, कारण ज्यावर झाकण बसतंय त्या गिरणीच्या कड्याची भोकं पन्नासावरच होती ना! गिरणीवाले वरडले, "कुणी काढलं हो हे?" मालकांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. नाव कुणाचं? अंगद!

मला वाटलं, गेली नोकरी. तर मालक म्हणले, "शब्द म्हणजे शब्द. कायम केलो तुला. असलं निस्तरायला हक्काचा माणूस लागतंय. थांब हितंच, कानस घे, भोकं लांबव."

तीन दिवस झाले, कानस घासून राहिलोय. शेजारची चक्की चालूच, मिरचीची धूळ नाकात. सकाळी आईचा फोन आला, "कायम झालास म्हणं बाळा! अन् एवढ्या शिंका का देऊन राहिलास?"

काय सांगू हो तिला?... "काही न्हाई आई," म्हणलो, "हापिसातला एसी लई थंड हाय."