समुद्रकाकडी आणि सरांचे दोन शब्द

नाही, मला आधी कुणीतरी रुमाल द्या. तो नको, तो वापरलेला दिसतोय... हां, हा चालेल. कारण हा माईक ओला आहे. ओला आहे, चिकट आहे आणि त्याला खोकल्याच्या गोळीचा वास येतोय. सर आत्ता तुमच्यासमोर "सहलीबद्दल मी फक्त दोनच शब्द बोलतो" म्हणून बोलून चहाला गेले ना, ते दोन शब्द सगळे इथे जाळीत अडकलेत. शी.

बसा, बसा. सर कॅन्टीनमध्येही कुणालातरी दोन शब्द सांगत असणार, म्हणजे आपल्याला वेळ आहे. तुम्ही पहिल्यांदाच निघालात बेटावर. पत्रकात काय छापलंय? 'बेटाची संस्कृती आणि निसर्ग यांचा अभ्यास.' मी मागच्या वर्षी जाऊन आलेय. तुम्हाला सांगते, मी तिथे अभ्यास केला तो सरांच्या मानेचा. मागच्या बाजूने. कारण सर कायम पुढे आणि आम्ही रांगेत मागे, आणि त्या मानेवरून जो घाम ओघळतो तो कॉलरपाशी पोचून कसा थांबतो, थबकतो, विचार करतो आणि मग आत उतरतो... यावर मी प्रबंध लिहू शकेन.

आणि मला हवं काय होतं? एक जिवंत समुद्रकाकडी. हसू नका. माझा प्रकल्पच तिच्यावर आहे. आपल्या विभागात बाटलीत एक आहे, सुकलेल्या वांग्यासारखी, तिच्याकडे बघून काय लिहिणार? सरांनीच सांगितलं होतं, "बेटावर जाऊन जिवंत प्राणी बघायचा, त्याच्या जागेवर, खाताना. ती निरीक्षणं नसतील तर प्रकल्प अपुरा." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जगात इतके प्राणी आहेत, तुला तेवढंच एक बुळबुळीत सापडलं? शी." आता काय सांगायचं हिला? अगं आई, ही बाई दिवसभर वाळू खाते, त्यातली घाण पचवते आणि स्वच्छ वाळू मागे सोडते. समुद्राचा केर काढते ती. सरांचं बरोबर उलटं आहे. ते स्वच्छ जागी जातात आणि...

जाऊ दे. होडीपासून सांगते. होडीत पाय ठेवल्याठेवल्या सरांनी एक भोंगा गळ्यात अडकवला. छोटा डबा, त्याला माईक. "प्रवासाला सुरुवात करण्यापूर्वी दोनच शब्द." होडी हलायला लागली, इंजिनाचा धूर तोंडावर, एक मुलगी पिशवीत तोंड घालून बसलेली, तिची पाठ चोळणाऱ्या आपल्या विभागाच्या बाई स्वतः हिरव्या पडलेल्या, आणि सर सांगतायत की सागर हा आपला पिता आहे. त्यांच्या गालात ती गोळी. या गालातून त्या गालात. मी समोरच बसले होते, माझ्या चष्म्यावर थेंब येत होते, आणि मला वाटत होतं की समुद्राचं पाणी आहे. ते तर दुसऱ्या बाजूने उडत होतं.

आणि सगळं संपल्यावर माईक माझ्या हातात. "ही आपली विद्यार्थी प्रतिनिधी, पोरगी चुणचुणीत आहे, ही आता आभारप्रदर्शन करेल." होडीत. कुणाचे आभार मानू? इंजिनाचे?

राहायची खोली तर विचारूच नका. गाद्या इतक्या दमट की झोपल्यावर वाटावं आपल्याआधी कुणीतरी इथे रडून गेलंय. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता, कुणाचा ते कुणीच कबूल करेना. आणि बाहेर पिण्याच्या पाण्याचं पिंप, आणि त्या पिंपाच्या बरोब्बर वर दोरी, आणि दोरीवर सरांचे मोजे. ठिबकणारे. मी बाईंना म्हटलं, "बाई, हे बघा ना." तर बाई म्हणतात, "अगं, धुतलेले आहेत ते." धुतलेले. ते मोजे धुणं म्हणजे आग लागलेल्या घराची काच पुसणं. मी तिथे असेपर्यंत शहाळ्यावर जगले.

मग संस्कृती. तिथे होड्या बांधणारे एक आजोबा होते. फळ्यांच्या फटी कशा बुजवतात ते दाखवणार होते. त्यांनी काथ्या पिळून ठेवलेला, मडक्यात राळ तापवून पातळ केलेली, हातात पळी घेतलेली... आणि सर म्हणाले, "प्रात्यक्षिकाआधी दोनच शब्द." नौकानयनाचा उगम. मग व्यापार. मग आजच्या तरुण पिढीला कष्ट नकोत. आजोबा बिचारे एकदा मडक्याकडे बघतायत, एकदा सरांकडे. शेवटी सर म्हणाले, "हं, दाखवा आता," आणि आजोबांनी पळी मडक्यात घातली ती टक्कन वाजली. राळेचा दगड झाला होता. सर काय म्हणाले असतील? "पाहिलंत मुलांनो, किती मजबूत असते." आणि मी, ओला माईक दोन बोटांत धरून, त्या माणसाने जे दाखवलंच नाही त्याबद्दल त्याचे आभार मानले.

मग निसर्ग. खारफुटीच्या जंगलात गेलो, गुडघाभर चिखल, त्याला अंडं कुजल्यासारखा वास, आणि तुम्हाला सांगते, तो वास मला आवडला. कारण तो खरा होता. फांद्यांवर बगळे बसलेले, इतके की झाड पांढरं दिसत होतं. भोंगा खरखरला. "या पक्ष्यांबद्दल दोनच..." झालं, उडाले. सगळे. पक्ष्यांना कळतं हो. आम्हालाच उडता येत नव्हतं.

मी मात्र गप्प बसले होते, दात आवळून, कारण शेवटच्या दिवशी प्रवाळाचा खडक होता. पूर्ण ओहोटीला तो उघडा पडतो, डबक्यांतून चालत जाता येतं, आणि समुद्रकाकड्या तिथेच असतात. मी बाईंना आदल्या दिवसापासून सांगतेय, "बाई, ओहोटीच्या वेळेला आपण पाण्याशी असायला हवं, नंतर काही दिसणार नाही." बाई म्हणतात, "सरांना कळतं गं सगळं. आणि पाण्यात पाय घालायचे नाहीत कुणी, सर्दी होते." अहो बाई, आपण बेटावर आहोत.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा खडक समोर उघडा होता, उन्हात चमकत होता. पंचवीस पावलांवर असेल नसेल. आणि सरांनी आम्हाला अर्धवर्तुळात उभं केलं. समारोप. बाईंचं प्रास्ताविक, सरांचं मनोगत, आणि नंतर दोनच शब्द. सरांची पाठ समुद्राकडे, आमची तोंडं समुद्राकडे. त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं, एकेक डबकं भरत होतं. होडीवाला लांबून ओरडला, "ओ सर, पाणी फिरलं." सर म्हणाले, "शेवटचा मुद्दा."

मी पळाले. हो, सरळ रांग सोडून. मागून बाईंचा आवाज, "अगं ए, चपला तरी घाल." पाणी घोट्याच्या वर आलं होतं, मी वाकून वाकून एकेक डबकं बघत होते आणि... होती. काळी, हातभर लांब, ढिम्म. तोंडाशी छोट्या छोट्या झुपकेदार फांद्या, एकेक फांदी वाळूत घालायची आणि चाटून साफ करायची, अगदी शांत. मी गुडघ्यांवर बसले. वही काढली. तुम्हाला सांगते, त्या अख्ख्या सहलीत माझ्यासमोर तोंड उघडून आपलं काम करणारं ते पहिलं कुणीतरी होतं.

"काय सापडलं, बघू." सर. पँट दुमडून, भोंगा गळ्यात, मागे अख्खं अर्धवर्तुळ. मी म्हटलं, "सर, हात लावू नका." त्यांनी लावला. उचललीच तिला, पाण्याबाहेर, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात माईक. "मुलांनो, या प्राण्याबद्दल मी दोनच..."

आता समुद्रकाकडीला फार त्रास झाला की ती काय करते, ते मी प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. सरांनी ते तपासलंही होतं. सही आहे त्यांची. ती आपली आतडी बाहेर फेकते, मागच्या बाजूने. आणि तिची मागची बाजू कुठे होती? माईकपाशी.

पचाक.

गुलाबी, पिवळं, चिकट, माईकवर, मनगटावर, शर्टाच्या खिशात. भोंग्याने एक कुईं केलं आणि बंद पडला. बाई जागच्या जागी ओकल्या. आणि मग शांतता. लाटांचा आवाज आला. इतके दिवस तो तिथेच होता म्हणे. किळस आली नाही ती फक्त मला. जे मला होडीपासून करावंसं वाटत होतं ते तिने केलं होतं.

मी तिला हळूच पाण्यात ठेवली. पण आतडी गेल्यावर ती खाणार काय आणि मी लिहिणार काय? पाणी मांडीपर्यंत आलं, खडक गेला. प्रकल्पावर शेरा, 'निरीक्षणे अपुरी'. सरांच्याच अक्षरात. म्हणून यंदा पुन्हा मी तुमच्याबरोबर येतेय.

तिचं चांगलं आहे हो. तिला आतडी पुन्हा उगवतात, काही आठवडे लागतात. सरांना नवा माईक त्याच आठवड्यात उगवला. हाच तो.

आले वाटतं... हो सर, झालंच माझं. नाही, काही नाही, ओहोटीची वेळ सांगत होते सगळ्यांना. हो, हो, घ्या ना माईक. कोण उठतंय रे, बसा खाली, सर दोनच शब्द बोलणार आहेत. आणि हा रुमाल ज्याचा असेल त्याने मागू नका, तो मला लागणार आहे. यानंतर आभारप्रदर्शन आहे, आणि ते माझंच आहे.