वर गेलेला गणपत

…आणि वर मलाच म्हणतात, अण्णा, तुम्हीच सांगितलंत. मी काय सांगितलं? दोन शब्द. चौथी शिकलेला माणूस मी, चौतीस वर्षं लाईनमन, खांबावर बडबडणारा टिकत नाही. पण तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांपायी धारवाडच्या मळमड्डीतली आमची गल्ली भर दुपारी बंद पडली आणि घरात माझी हिराबाई… थांबा. सुरुवातीपासून सांगतो.

लाईट गेली की तुम्ही लाईनमनला शिव्या घालता. घाला. पण खांबावर चढायच्या आधी तो काय करतो, ठाऊक आहे? सबस्टेशनातून 'लाईन क्लिअर' घेतो. म्हणजे वहीत त्याचं नाव, खांबाचा नंबर, वेळ, सही. मग करंट बंद. काम झालं की त्यानंच उतरायचं, त्यानंच 'झालं' म्हणायचं, त्यानंच परतीच्या रकान्यात सही करायची. भावानं सांगून चालत नाही, साहेबानं सांगून चालत नाही. वर गेलेला माणूस स्वतः खाली येऊन सांगत नाही तोवर लाईन सोडायची नाही. हा नियम. चौतीस वर्षं पाळला.

आता गणपत. माझा जोडीदार. बत्तीस वर्षांपूर्वी, मळमड्डीतला सतरा नंबरचा खांब, दुपारची वेळ. त्यानं लाईन क्लिअर घेतली, चढला, कमरेचा पट्टा खांबाला अडकवला. मी खाली. थोड्या वेळानं हाक मारली, गणप्या, झालं का? बोलला नाही. पट्ट्यात आरामात रेललेला, धारवाड बघत असल्यासारखा. म्हटलं बिडी ओढतोय. पुन्हा विचारलं, झालं का? वीस मिनिटं, तुम्हाला सांगतो, वीस मिनिटं मी मेलेल्या माणसाला झालं का, झालं का विचारत होतो. करंट नव्हता हो. छातीच बंद पडली होती. मीच खांद्यावर घेऊन उतरवला. साहेब म्हणाले, परशुराम, त्याची परतीची सही तू कर. मी म्हटलं, नाही. दुसऱ्याची सही मी करत नाही, मेलेल्याची तर मुळीच नाही. साहेबांनी तोंडी हुकूम देऊन लाईन सोडली. रकाना राहिला कोरा.

राहिला तर राहिला. वही फडताळात, गणपत मातीत, कुणाचं काय अडलं? पण हल्ली ऑफिसात तीन कॉम्प्युटर. एकात खांबांचा नकाशा. एकात कुठली लाईन चालू, कुठली बंद. एकात बिलं, लोकांची नावं, फोन. तीन भाऊ, तीन चुली, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. कुणाच्या तरी डोक्यात आलं, एकत्र कुटुंब करूया. आणि एकत्र कुटुंब केलं की पहिलं काय होतं? जुन्या गोष्टी निघतात. जुन्या वह्या काढल्या, प्रत्येक खांबाला त्याचा इतिहास चिकटवला, आणि जिथं रकाना कोरा तिथं चौकशी करायला अमित नावाचा एक गृहस्थ माझ्या दारात. चाळिशीचा, पुण्याकडचा, हातात पाटीएवढा फोन. म्हणे, काका, सगळ्यांच्या परतीच्या सह्या आहेत, एकट्या गणपतांची नाही. कुठं आहेत ते?

मी म्हटलं, "वर गेला."

"आणि अजून खाली आले नाहीत?"

आता ह्याला काय सांगणार? म्हटलं, "वर गेलेला कधी खाली येतो काय?"

त्यानं मान हलवली, टिपून घेतलं, चहा प्याला, गेला. मला वाटलं ह्याला कळलं. त्यालाही तसंच वाटलं.

मंगळवारी दोन वाजता तीन भाऊ एका चुलीवर आले आणि आमच्या गल्लीतले पंखे थांबले. हिराबाईला फुप्फुसाचा आजार. घरी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, दिवसरात्र. करंट गेला की बॅटरी दोन तास चालते, पुढं नाही. ती म्हणाली, जा, बघून या, तोवर मी कुठं जात नाही. असं बोलते ती.

ऑफिसात गेलो. तार तुटलेली नाही, फ्यूज उडालेला नाही. रोहिणीबाई, तिथल्या अधिकारी, कॉम्प्युटरपुढं उभ्या. पडद्यावर आमची गल्ली, गल्लीत सतरा नंबरचा खांब, खांबावर लाल रंगाचा एवढासा माणूस. खाली लिहिलेलं, गणपत, वर. लाईन बंद.

मी पडद्याजवळ जाऊन पुन्हा वाचलं.

बाईंनी हुबळीच्या मोठ्या ऑफिसला फोन लावला, हातानं लाईन सोडू का विचारलं. तिकडून म्हणाले, माणूस खांबावर दिसतोय आणि लाईन सोडू म्हणता? मारायचं काय त्याला? बरोबर आहे त्यांचं. नियम माझाच. वर गेलेला माणूस स्वतः खाली येऊन सांगत नाही तोवर लाईन सोडायची नाही. पण एक तास गेला होता, आणि माझी बायको त्या नियमाच्या पलीकडच्या टोकाला श्वास मोजत होती.

कॉम्प्युटरनं मात्र आपलं काम चालू ठेवलं होतं. बिलवाल्या भावाकडून गणपतचा नंबर काढून मेसेज पाठवत होता. काम झालं का? झालं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन.

झालं का. माझेच शब्द.

बाई म्हणाल्या, कोण उत्तर देणार, अण्णा. कॉम्प्युटरवर बसणारा योगेश म्हणाला, मॅडम, उत्तर आलंय. दोन. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. दोन. तिसऱ्यांदा विचारलं. दोन. योगेशनं खुर्ची मागं सरकवली आणि मारुतीचं नाव घेतलं. त्याला हसायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. खोटं कशाला सांगू.

मग डोक्यात उजेड पडला. गणपतच्या घरचं बिल अजून त्याच्याच नावावर. फोन कुणाचा असणार? त्याच्या बायकोचा. शालिनीवहिनी पलीकडच्याच गल्लीत राहते. ह्या वयात पळालो मी.

वहिनी उंबऱ्यावर बसलेली, फोन पदरात. मी रागानं विचारलं, हे काय चालवलंय? ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, बत्तीस वर्षांत त्याचं काम झालं का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं. एक दाबलं की तो कामावर नाही. मी कशी दाबू?"

मी कुणाकडं काही मागत नाही. तुम्हाला सांगतो, कधी मागितलं नाही. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, वहिनी, हिराच्या मशीनची बॅटरी अर्धा तास राहिली.

ती उठलीच. चप्पल घालता घालता म्हणाली, मला काय ठाऊक गल्ली बंद आहे ती, मी आपलं दोनदा 'दोन' दाबलं, एवढंच.

मी म्हटलं, तीनदा.

"दोनदा. तिसऱ्याला मी भाकरी थापत होते. पिठाचे हात. फोन कोनाड्यात होता."

आम्ही दोघांनी फोनकडं बघितलं. मग ती एक न दाबताच खांबाकडं चालू लागली, मी मागं.

खांबापाशी आल्यावर वहिनी अडून बसली. खोटं दाबणार नाही म्हणाली. तो उतरला पाहिजे, मग दाबीन. तुम्ही हाक मारा, तुमच्या हाकेवर उतरायचा तो. म्हणजे नियम हिलाही पाठ. आजूबाजूला माणसं जमलेली, सगळे ओळखीचे, आणि मी, ज्यानं जन्मात कुणापुढं आवाज हलू दिला नाही, तो सिमेंटच्या खांबाकडं तोंड करून ओरडतोय, गणप्या, झालं का?



मग म्हणालो. बत्तीस वर्षं म्हणायचं राहिलं होतं ते. "मला वर यायला उशीर झाला रे. ये खाली."

वारा नव्हता. वर पट्ट्याची कडी सुटते तसा टक् आवाज आला. कावळा असेल. कावळा दिसला नाही. वहिनीनं डोळे पुसले, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून थोडी बाजूला सरकली, जागा दिल्यासारखी, आणि एक दाबलं. गल्लीतले पंखे फिरले. आमच्या खिडकीतून हिराच्या मशीनचा आवाज आला. असा गोड आवाज मी भजनातही ऐकला नाही.

संध्याकाळी रोहिणीबाईंचा फोन. अण्णा, गणपत खाली आले, उपकार झाले. पण आता कॉम्प्युटर म्हणतोय, जोडीदाराचा रकाना कोरा आहे. परशुराम. वर लिहू की खाली?

हिरा नळी सावरत माझ्याकडं बघत होती. दोन शब्दांत उत्तर द्यायचं नाही, एवढं शिकलो होतो मी.

म्हटलं, "सध्या खाली लिहा, बाई. पण पेन्सिलीनं."