बिननावाची चिठ्ठी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. एकीची सासू आत दात काढून घेत होती.

“चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत तू खरंच चिठ्ठी टाकलीस?”

“टाकली. ‘प्रभू, माझ्या सासूच्या जिभेला थोडी विश्रांती दे.’ नाव नाही लिहिलं.”

“मग?”

“पाळकांनी रविवारी सगळ्यांसमोर वाचली. सगळ्यात मोठ्याने आमेन कोण म्हणालं असेल?”

“अगं बाई! सासूबाई?”

“घरी आल्या त्या डोळे पुसतच. ‘कोण बिचारी असेल गं! किती सोसत असेल! मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करणार.’”

“करतात?”

“रोज सकाळी तासभर, मोठमोठ्याने. म्हणजे आधीचं होतंच, वर हा एक तास वाढला.”

“आणि तू?”

“शेजारी गुडघे टेकून. प्रभूवर भरवसा टाकलाय म्हटल्यावर आता मागे कशी हटू?”

दार उघडलं. सासूबाई गाल धरून बाहेर आल्या.

“चल गं. डॉक्टर म्हणाले, दोन तास अजिबात बोलायचं नाही. मी लगेच त्यांचं कार्ड मागून घेतलं. म्हटलं, एका बिचारीच्या सासूला तुमच्याकडे पाठवायचंय.”