दोन ड्रम ब्लॅक मास

आमच्या कारेलीबागच्या गुजराती शेजारीण कोकिलाकाकी मध्यंतरी माझ्यावर रुसल्या होत्या, माहितीये? काकी पक्क्या वैष्णव, घरात कांदासुद्धा येत नाही. दर रविवारी त्यांचा डाळ-तांदळाचा खमंग हांडवा आमच्याकडे यायचा, तो एकदम बंद! आईला वाटलं, मीच काहीतरी बोललो असणार.

शेवटी मी जाऊन विचारलं. काकी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "भाई, तू धंदाच असला करतोस! गॅलरीत उभा राहून फोनवर ओरडत होतास, 'दोन ड्रम ब्लॅक मास भरून ठेवा, उद्या धुवायचंय.' हाय हाय, ब्राह्मणाचा मुलगा अने मांस?"

मला हसू आवरेना. "अहो काकी, ते मांस नव्हे! आमच्या कारखान्यात मोबाइलच्या, स्कूटरच्या जुन्या बॅटऱ्या दळतात. त्या काळ्या पावडरीला इंग्रजीत ब्लॅक मास म्हणतात. त्यातून लिथियम, कोबाल्ट काढायचं आणि त्याचीच पुन्हा नवी बॅटरी करायची."

"एटले, म्हणजे मेलेली परत जन्माला येते?"

"तसंच समजा."

काकी आत गेल्या. बाहेर आल्या त्या एका हातात हांडवा आणि दुसऱ्या हातात काकांचा जुना मोबाइल घेऊन. काका जाऊन वर्ष झालं होतं, फोनची बॅटरीही फुगली होती.

"ले, हीपण घाल त्यात," त्या म्हणाल्या. "पण नवी बॅटरी ज्याला मिळेल त्याला सांगून ठेव हं. तुझे काका एकदा बोलायला लागले की दुसऱ्याला बोलू देत नाहीत."