रफिकभाईंची पातेली

रफिकभाईंच्या मुलीच्या लग्नातली धमाल तुम्हाला सांगितली की नाही मी? इंदिरानगरला लग्नाची भांडी भाड्याने देतात, ते रफिकभाई. मूळचे सटाण्याचे. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचा स्वयंपाक शेजाऱ्यांच्या पातेल्यांत झाला होता, म्हणून गरिबाघरचं लग्न असलं की हे भाडं घेत नाहीत. 'नाही' म्हणणं तर यांना जमतच नाही.

तर मुलीच्या लग्नाच्या सकाळी गोदाम उघडलं, आणि आत एकही पातेलं नाही. सगळी लोकांकडे. संध्याकाळी मांडवभर माणूस जेवायला येणार. आचारी डोक्याला हात लावून बसला. शेवटी मीच घरोघरी फोन लावले. "भाईंच्या मुलीचं लग्न आहे, पातेली आजच पोचवा."

दुपारी रिक्षा, टेम्पो येऊ लागले. एक झाकण उचललं, तर आत गरम पुलाव. दुसऱ्यात शिरा. तिसऱ्यात वांग्याची भाजी. ती घेऊन आलेल्या दिंडोरीच्या सुमनताई म्हणाल्या, "भाईंचं भांडं रिकामं कसं धाडायचं?"

रफिकभाई एकेका पातेल्याचा वास घेत हसत होते. आचारी मात्र तणतणत माझ्याकडे आला.

"साहेब, एकही पातेलं रिकामं नाही. आता मी बिर्याणी कशात शिजवू?"