आरोग्याच्या कपाटातलं पुस्तक

वाचनालयात पुस्तकं परत करायच्या रांगेत मी तिसरा होतो. सगळ्यात पुढे एक बाई आणि टेबलापलीकडे ग्रंथपाल.

"हे घ्या. पण कपाटात परत लावू नका."

"फाटलंय का, ताई?"

"धड आहे. माझ्या नवऱ्याचा पाय कापावा लागला."

"काय सांगता?"

"साखर आहे त्यांना. यात लिहिलंय, इन्सुलिन सोडा, चाळीस दिवसांत बरे व्हाल. सोडलं त्यांनी. मी भांडले, डॉक्टर ओरडले. तर हे मलाच म्हणाले, वाचनालयाचा शिक्का आहे, त्यांनी काय न बघता ठेवलं असेल?"

"ताई, हे कुणीतरी भेट दिलेलं. नाव बघून मी आरोग्याच्या कपाटात लावलं."

"उघडून पाहिलं नाहीत?"

"नाही."

"एक पानसुद्धा?"

"त्या दिवशी दोन खोकी आली होती. मी शिक्के मारत सुटलो."

"मग बाहेर वाचनालय कशाला लिहिलंय? गोदाम लिहा."

ग्रंथपालांनी पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं. माझ्या पुढचा माणूस मात्र वैतागला.

"अहो, आटपा की. त्याच पुस्तकासाठी दोन आठवडे नंबर लावलाय मी. आईची इंजेक्शनं सोडवायचीत."

"ते आता कुणालाच मिळणार नाही, साहेब."

"का? लोकांनी काय वाचायचं हे तुम्ही ठरवणार?"

"इथे काय ठेवायचं ते बघणं माझं काम होतं. मी केलं नाही."

"मग आईला काय सांगू मी?"

बाई वळल्या.

"काही सांगू नका. आमच्या घरी घेऊन या त्यांना. हे आता दिवसभर घरीच असतात."